कारागीर: अज्ञात

संग्रहालयात तलवारीच्या कपाटासमोर उभा राहिलेला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "कुणाची आहे हो ही?" दुसरा प्रश्न, "हिनं किती जणांना आडवं केलं असेल?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "आज विकली तर किती येतील?" तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण चौथा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. "ही बनवली कुणी?"

आजचा लेख या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे. आणि त्यासाठी मी मुद्दामच लढाईतली तलवार घेत नाहीये. मला बोलायचंय ते मानाच्या, पूजेच्या, दरबारी थाटाच्या तलवारी आणि ढालींबद्दल. पात्यावर सोन्यानं दशावतार काढलेले, मुठीवर गजलक्ष्मी बसलेली, ढालीच्या मधोमध मिशीवाला सूर्य, असल्या. लढाईतल्या तलवारीचं मोठेपण ती धरणाऱ्या मनगटात असतं, हे एक वेळ मान्य. पण जी तलवार म्यानाबाहेर येते तीच मुळी दसऱ्याला, तिच्यात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं कारागिरानं केलेलं आहे. मालकाचं योगदान म्हणजे पैसे दिले आणि कंबरेला लावून मिरवली. तरी पाटीवर नाव कुणाचं? मालकाचं!

आता कुणी म्हणेल, शोभेची तलवार ती, तिचं काय एवढं कौतुक. हा एक आवडता गैरसमज आहे. 'शोभेची' म्हटलं की आपल्याला 'नकली' ऐकू येतं. पण आपल्याकडे शस्त्राला लढाईखेरीज दुसरं एक आयुष्य कायमच होतं, आणि आजही आहे. खंडेनवमी घ्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा करायची. ज्यांच्याकडे शस्त्रं नाहीत ते कोयता, करवत, शिवणयंत्र पूजतात. आमच्याकडे लॅपटॉपला कुंकू लावतात आणि सर्व्हर रूमच्या दारावर झेंडूचं तोरण चढतं. (सर्व्हर रूमच्या आत उदबत्ती लावू नये, धूर ओळखणारा सेन्सर नास्तिक असतो.) हसू येतं खरं, पण त्यामागचा विचार सरळ आहे. ज्याच्यावर पोट आहे, त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा.

म्हैसूरला दसऱ्यात महानवमीच्या दिवशी राजघराण्याच्या तलवारीची पूजा होते. आपल्या जेजुरीला तर खंडोबाचा खंडाच आहे, सुमारे ४२ किलोचा! पेशव्यांचे सरदार पानसे यांनी तो देवाला वाहिला असं सांगतात. दसऱ्याला तो एका हातात जास्तीत जास्त वेळ तोलून धरायची आणि दातांनी उचलायची स्पर्धा असते. ४२ किलोची तलवार घेऊन कोण लढणार? कुणीच नाही. ती लढायला केलेलीच नाही, देवासाठी केलेली आहे. म्हणून ती खोटी ठरते का? जेजुरीत जाऊन हे बोलून बघा आणि मग मला सांगा.

तर मुद्दा असा की मानाची तलवार ही एक स्वतंत्र जात आहे आणि तिचे स्वतःचे नियम आहेत. ते नियम समजून घ्यायला लागलं की कारागीर हळूहळू दिसायला लागतो.

ढालीपासून सुरुवात करू. आपल्याकडची नेहमीची ढाल गोल, गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, नाहीतर पोलादाची. तिच्या दर्शनी बाजूला बहुतेक वेळा चार फुगीर फुलं दिसतात. लहानपणी ती मला निव्वळ नक्षी वाटायची. पण ती नक्षी नाही, ते इंजिनिअरिंग आहे. ढालीच्या आतल्या बाजूला हात घालायला दोन पट्टे असतात. ते पट्टे ज्या कड्यांमध्ये अडकवतात, त्या कड्या ढालीतून आरपार जाऊन बाहेरच्या बाजूला पक्क्या केलेल्या असतात. ते सांधे झाकायला आणि त्यांना बळकटी द्यायला ही चार फुलं! आतमध्ये कड्यांच्या मधे एक छोटी चौकोनी गादी असते. वार बसला की बोटांची हाडं ढालीवर आपटू नयेत म्हणून.

आता हीच ढाल दरबारासाठी करायची असली की कारागीर काय करतो? रचना मोडत नाही. चार सांधे तिथेच राहतात, फुलंही तिथेच राहतात, पण त्या फुलांची कमळं होतात किंवा सूर्य होतात. मधल्या मोकळ्या जागेत देवी येते, गणपती येतो, अवतारांची रांग येते. मेवाडच्या राण्यांना स्वतःला सूर्यवंशी म्हणवून घ्यायचं, म्हणून तिथल्या ढालींवर मधोमध सूर्याचा चेहरा. म्हणजे मूळ कोडला हात न लावता वरचा सगळा इंटरफेस बदलायचा. हे ज्याला जमतं तो माझ्या लेखी वरिष्ठ इंजिनिअर.

तलवारीतही तसंच. पात्याचा मुठीलगतचा भाग असतो, त्याला खजाना म्हणतात. वार तिथे बसत नाही, घासही कमी लागते. देवादिकांच्या आकृती आणि नावं बऱ्याचदा तिथेच सापडतात, ते उगाच नाही. देव जवळ हवा, पण रक्तात बुडायला नको, आणि सोनंही उडायला नको. भक्ती आणि देखभाल, दोन्ही एकाच जागेनं साधलं. याउलट पात्याच्या टोकापर्यंत दशावतार रांगेनं उभे असतील, तर ती तलवार लढायला निघालेली नव्हती असा अंदाज करायला हरकत नाही.

आता ते सोनं तिथे बसतं कसं? यात दोन मुख्य रीती आहेत. पहिली तहनिशान. पोलादात बारीक चर खोदायचा, त्यात सोन्याची तार ठोकून बसवायची. काम अवघड, वेळ जास्त, सोनंही जास्त, पण टिकाऊ. दुसरी कोफ्तगिरी. इथे चर खोदत नाहीत. पोलादाच्या पृष्ठभागावर धारदार हत्यारानं इतक्या बारीक आडव्या-उभ्या रेघा मारायच्या की तो भाग खरखरीत व्हावा. त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीप्रमाणे मांडत जायची, हलक्या हातोडीनं ठोकायची. खरखरीत पोलाद ती तार धरून ठेवतं. मग तापवायचं आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडानं घोटायचं. कोफ्तगिरी हा शब्द फारसी 'कोफ्तन'वरून आला, म्हणजे कुटणे, ठोकणे. आपल्या ताटातला कोफ्ता त्याच धातूतून आलाय. (व्याकरणातला धातू हो! पोलाद नव्हे.)

एक क्षण थांबून हे डोळ्यासमोर आणा. बोटभर रुंदीच्या पोलादी पट्टीवर सोन्याच्या तारेनं नृसिंह काढायचाय. मांडीवर हिरण्यकशिपू, मागे खांब. तार एक केस इकडची तिकडे झाली तर नृसिंहाचं मांजर होणार. अनडू नाही. असे दहा अवतार. शब्द फारसी, देव वैष्णव, पातं कदाचित तिसऱ्याच गावचं. आणि ज्या हातांनी हे केलं, ते कुठल्या घरचे, कुठल्या देवाला हात जोडणारे, हे त्या वस्तूवर लिहिलेलं नाही. आज आपण ज्या गोष्टींवरून एकमेकांची डोकी फोडतो, त्या गोष्टी या एका पात्यावर शेजारी-शेजारी बसल्यात, आणि त्यांना तसं बसवणाऱ्याचंच नाव आपण विसरलोय.

आता जरा दक्षिणेत जाऊ, कारण तिथे आपलंही थोडं देणं लागतं. तंजावरला १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी भोसल्यांचं राज्य उभं केलं, ते १८५५ पर्यंत चाललं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. राजघराणं मराठी, मुलूख तमिळ, आणि शस्त्रागार म्हणजे दक्षिणी शस्त्रकलेचं भांडारच. या शस्त्रांच्या मुठी बघण्यासारख्या आहेत. कुठे याळी (आपल्याकडे ज्याला व्याल म्हणतात तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी) जबडा वासून बसलेला, आणि त्या जबड्यातून पातं बाहेर आलेलं. कुठे मकर, कुठे हंस, कुठे लक्ष्मी. म्हणजे देवळाच्या खांबावर जे प्राणी आणि देव बसलेत, तेच इथे मुठीएवढ्या जागेत लोखंड कोरून बसवलेत. देऊळ घडवणाऱ्याची आणि शस्त्र घडवणाऱ्याची भाषा एकच होती. रॉबर्ट एल्गुड या अभ्यासकानं 'हिंदू आर्म्स अँड रिच्युअल' या २००४ सालच्या पुस्तकात हाच धागा धरला आहे. दक्षिणेतलं शस्त्र आणि तिथला पूजाविधी वेगळे काढता येत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

१८५५ मध्ये शेवटचा राजा मुलाविना गेला आणि कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. पुढे १८६० च्या दशकात शस्त्रागार मोकळं केलं गेलं. निवडक शस्त्रं मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली, काही जगभर पांगली, आणि बरीचशी चक्क भंगार म्हणून मोडली. याळीचे जबडे वजनावर गेले! एवढं होऊनही जे उरलं, ते बघायला आज लोक चेन्नईला जातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही तंजावरच्या कट्यारी आहेत. पाटीवर तंजावर असतं, शतक असतं. जबडा कोरणाऱ्याचं नाव नसतं.

बरं, हे फक्त लुटीतच किंवा मोडतोडीतच झालं असंही नाही. राजीखुशीनं दिलेल्या वस्तूंचीही हीच कथा. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरला आणि नंतरचे चार महिने जाईल तिथे संस्थानिकांकडून भेटी घेत सुटला. दोन हजारांहून जास्त वस्तू जमल्या. त्यात तलवारी, ढाली, कट्यारी भरपूर. कोल्हापूरहून दिलेली, 'जगदंबा' म्हणून आपण जिच्याबद्दल अजूनही बोलतो, ती तलवार याच दौऱ्यातली. परत गेल्यावर हे सगळं लंडनमध्ये प्रदर्शनात मांडलं, १८७८ मध्ये पॅरिसलाही नेलं. पुढे १९१० मध्ये यातल्या शस्त्रांची जाडजूड सूची छापली गेली. तिच्या लांबलचक शीर्षकातच 'हिंदुस्थानचे राजे, सरदार आणि उमराव यांनी दिलेला संग्रह' अशा अर्थाचे शब्द आहेत. देणारा कोण, घेणारा कोण, कुठल्या प्रसंगी, चोख नोंद. आमच्या धंद्यात याला ट्रॅन्झॅक्शन लॉग म्हणतात. व्यवहाराची सगळी माहिती, वस्तू कुणी घडवली ते सोडून.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "अरे, आपले कारागीर निरिच्छ होते. देवाचं काम समजून करायचे. नाव लावायची हाव पाश्चात्त्यांची." ऐकायला फार छान वाटतं, आणि आपली जबाबदारीही संपते! पण हे खरं आहे का?

कर्नाटकात बेलूर आणि सोमनाथपूरला जा. होयसळांच्या शिल्पींनी मूर्तींखाली आपापली नावं कोरलेली आहेत. बेलूरला दासोज, सोमनाथपूरला मल्लितम्म. देवाचंच काम होतं, देवळातच होतं, तरी नाव लावलं. "देऊळ वेगळं, शस्त्र वेगळं" म्हणाल तर विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ घ्या. १५४९ मध्ये ती आपल्या अहमदनगरला ओतली. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव आहे, महंमद बिन हुसेन रूमी. आणि तलवारींच्या बाबतीत तर गंमत अशी की इस्फहानच्या असदुल्ला या पोलादकाराचं नाव इतकं गाजलं, की पुढे कितीतरी पात्यांवर त्याची खोटी सही ठोकली जायची. ब्रँडची नक्कल हो! बनवणाऱ्याच्या नावाला बाजारात किंमत नसती, तर ते खोटं कशाला ठोकलं असतं?

तेव्हा निरिच्छपणाची गोष्ट अर्धीच खरी आहे. काही कारागिरांना खरंच नाव लावावंसं वाटलं नसेल. पण पुष्कळांना ते लावायची मुभा नसणार, असा माझा कयास आहे. ज्या ढालीवर राजाचा सूर्य आहे, तिथे तार ठोकणाऱ्याची सही कोण चालवून घेणार?

याला एक सुंदर अपवाद जयपूरला आहे. तिथल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात (१८८७ मध्ये ते लोकांसाठी उघडलं) पितळेच्या भल्यामोठ्या शोभेच्या ढाली आहेत. त्यांवर रामायण-महाभारतातले प्रसंग उठावात काढलेत. माणसं, घोडे, रथ, देव, इंचभर जागा मोकळी नाही. या ढाली कुठल्याही लढाईसाठी नव्हत्या, लोकांनी बघाव्यात म्हणूनच घडवलेल्या. आणि त्यांच्यासोबत एक नाव टिकलंय, गंगाबक्ष खाती. का टिकलं? तो इतरांपेक्षा जास्त गर्विष्ठ होता म्हणून नव्हे. तो काळ प्रदर्शनांचा आणि कलाशाळांचा होता. १८८३ मध्ये जयपुरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी वस्तू कुणी केली हे लिहायची पद्धत असते. थोडक्यात, नाव लिहायला जागा होती, म्हणून नाव राहिलं.

इथे मला माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट आठवते. डेटाबेसमध्ये एखादा रकाना रिकामा असणं आणि तो रकानाच नसणं, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा रकाना टोचत राहतो. रिपोर्ट काढला की दिसतो, कुणीतरी विचारतं, कुणीतरी भरतं. पण रकानाच नसेल तर काही हरवलंय हेही कळत नाही. तलवारीच्या बाबतीत आपल्या डोक्यातल्या तक्त्यात मालक आहे, लढाई आहे, किंमत आहे. कारागीर नावाचा रकानाच नाही.

आणि याची किंमत रोख पैशात मोजता येते. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनला १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली. नाव टिपूचं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी साताऱ्याला आली, तेव्हा महाराष्ट्रात वाद एकच, ही महाराजांचीच की नाही? एप्रिल २०२५ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सोदबीजच्या लिलावात निघाली. आपल्या सरकारनं ती मध्यस्थामार्फत घेतली, खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत पोचली. मला स्वतःला या खरेदीचा आनंदच झाला. लिलावातून आपली वस्तू परत येणं ही काही रोज घडणारी गोष्ट नाही.

पण ही तलवार जरा निरखून बघा. सरळ एकधारी पातं, युरोपीय बनावटीचं. पात्यावर पातं बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचं नाव आहे, 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा' असं. आणि मूठ? मूठ मुल्हेरी घडणीची, म्हणजे आपल्याकडची, सोन्याचं देखणं काम केलेली. त्या मुठीवर कुणाचंच नाव नाही. म्हणजे परदेशी पुरवठादाराचं नाव राहिलं, गिऱ्हाइकाचं नाव राहिलं, आणि इथल्या माणसाचं तेवढं गळालं. आयटीत काम करणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय का काही?

"मग करायचं काय? तीनशे वर्षांपूर्वीची नावं आता आणणार कुठून?" प्रश्न बरोबर आहे. बहुतेक नावं गेली ती गेलीच. पण म्हणून गप्प बसायची गरज नाही.

एक, संग्रहालयाच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली एक ओळ घाला. 'कारागीर: अज्ञात.' दोनच शब्द. त्याला खर्च शून्य. पण ते वाचणाऱ्या दहा जणांतल्या एकाच्या डोक्यात तरी प्रश्न उभा राहील. शक्य तिथे पुढे जा. काम कोफ्तगिरीचं की तहनिशानचं, ढालीचं कातडं कशाचं, घडण कुठल्या भागातली, नंतर दुरुस्ती झालीय का. हे वस्तूकडे बघून सांगता येतं. पुण्याच्या सी-डॅकनं देशातल्या संग्रहालयांच्या नोंदी डिजिटल करायला 'जतन' नावाची प्रणाली बनवली आहे. म्हणजे यंत्रणा आहे, ती मनापासून भरणारी माणसं हवीत.

दोन, नावं वस्तूंवर नसली तरी आपल्या आजूबाजूला आहेत. शिकलगार हे आडनाव ऐकलंय ना? सांगली-साताऱ्याकडे भेटतं. शिकलगार म्हणजे शस्त्राला धार आणि झिलई देणारा. अहमदाबादला ढालगरवाड नावाचा भाग आहे, आज तिथे कापड मिळतं. नावातला ढालगर मात्र शिल्लक आहे. आपल्या गावातल्या आळ्यांची आणि वर्गातल्या मित्रांच्या आडनावांची यादी काढा, अर्धं शस्त्रागार निघेल. त्या घरांमध्ये आजोबांनी सांगितलेलं काही राहिलं असेल, तर ते लिहून घ्यायची ही शेवटची पिढी आहे. आपण लिहून घेणार आहोत का?

तीन, हे काम करणारे लोक अजून आहेत. उदयपूरला, जयपूरला, अलवरला कोफ्तगिरी चालते. उदयपूरच्या कोफ्तगिरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या शेजारच्या गोव्याच्या मानकुराद आंब्याला आणि बेबिंकाला मिळालं त्याच सुमारास. (आंब्याची बातमी आपण वाचली, कोफ्तगिरीची वाचली नाही. साहजिक आहे म्हणा, आंबा तो आंबा.) मानांकन गावाला मिळतं, माणसाला नाही. माणसाला नाव आपणच द्यायचं असतं.

आणि हे 'आपण' कोण? तर तुम्ही आणि मी. कारण मानाच्या तलवारीची परंपरा संस्थानांबरोबर संपली असं वाटत असेल तर कुठल्याही सत्काराला जाऊन बघा. शाल, श्रीफळ आणि तलवार! नेत्याच्या हातात तलवार दिली जाते, तो ती उंचावतो, फोटो निघतो. देणाऱ्या मंडळाचं नाव पात्यावर, घेणाऱ्याचं नाव फ्लेक्सवर. १८७५ सारखंच सगळं, फक्त राजे बदलले. आणि ती तलवार कुठल्या गावात, कुणी घडवली, किती रुपये त्याच्या हाती पडले, हे व्यासपीठावरच्या एकालाही माहीत नसतं.

तुमच्यापैकी काही जण घराच्या भिंतीवर लावायला तलवार-ढाल घेत असाल. हौस आहे, घ्या. पण 'अँटिक' म्हणून गळ्यात मारली जाणारी प्रत्येक वस्तू जुनी नसते, आणि शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते. परदेशातल्या मित्राला भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही. त्यापेक्षा नवीन, प्रामाणिकपणे नवीन म्हणून विकलेली, चांगल्या हाताची वस्तू घ्या. घेताना कारागिराचं नाव विचारा, आणि बिलावर लिहून मागा. दुकानदार चमत्कारिक नजरेनं बघेल. बघू दे.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे शस्त्रं आहेत, पण त्याहून जास्त लक्ष वेधतात ते अडकित्ते, दिवे, दरवाजे, भांडी. वीस हजारांहून अधिक वस्तू, आणि त्यांतल्या बहुतेक रोजच्या वापरातल्या, कुणा अनाम हातांनी जीव ओतून घडवलेल्या. हे सगळं ज्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गोळा केलं, ते कवी होते आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. अज्ञातवासींनी अज्ञातांचं काम सांभाळलं, आणि संग्रहालयाला नाव दिलं ते आपल्या गेलेल्या मुलाचं. वस्तू कुणा राजाच्या हातात होती म्हणून मोठी नसते, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी कळलं होतं.

मालकांची नावं पुसा असं माझं म्हणणं नाही. रघुजी भोसले इतिहासात आहेत आणि राहतील, त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. त्यांच्या नावाखाली एक रकाना वाढवा, एवढंच मागणं आहे. आज तो रिकामा राहील. राहू दे. पुढच्या वेळी कपाटासमोर उभं राहून "कुणाची आहे हो ही?" असं विचाराल, तेव्हा लगेच दुसरा प्रश्नही विचारा. उत्तर येणार नाही, हे मीच सांगतो. पण संग्रहालयातल्या त्या बिचाऱ्या माणसाला तोच प्रश्न शंभर जणांनी विचारला, तर एकशे एकाव्याच्या आधी तो आत जाऊन जुनी नोंदवही उघडेल.